वाढदिवसाचं तबक

ग्रोशेर बेटावर शूटिंगला यायला मायलिसने एकच अट घातली होती. तिचा नवरा सिक्स्टन ज्या छपराखाली झोपेल त्या छपराखाली ती झोपणार नाही. दिग्दर्शक टीडब्लूमला हसू आलं. सिनेमात दोघांनी नवरा-बायको व्हायचं, दिवसभर एकाच चुलीपुढे भांडायचं आणि दिवस मावळला की एकाने या घरात आणि दुसऱ्याने त्या घरात जायचं, याची त्याला मोठी गंमत वाटली. मायलिसला मात्र हसू येत नव्हतं, कारण तिची सगळी सुटका त्या छपरावर टांगलेली होती.

कायदा तसा सरळ होता. काडीमोड हवा असेल तर आधी पाद्रीबुवांसमोर बसून समेटाचा प्रयत्न करायचा. तो फसला की न्यायालय दोघांना वर्षभर वेगळं राहायला सांगतं. वर्ष अखंड पाळलं आणि दोन भल्या माणसांनी तशी ग्वाही दिली की मोकळं. मधेच दोघं एकत्र आली तर झालेलं सगळं वर्ष पाण्यात आणि पुन्हा पाद्रीबुवांपासून सुरुवात. मायलिसचं वर्ष एप्रिलच्या अखेरीस भरत होतं. ग्वाही देणारे तिने हेरून ठेवले होते. एक तिची स्टॉकहोममधली घरमालकीण, जिच्याकडे ती एका खोलीत भाड्याने राहत होती, आणि दुसरा हा टीडब्लूम.

समेटाची ती बैठक आठवली की अजूनही तिचं अंग शहारायचं. पाद्री वेनरलुंड मऊ स्वभावाचे गृहस्थ. त्यांनी कॉफी मागवली, वेलदोड्याचे पाव पुढे केले आणि संसारात सोसावं लागतं, असं ते सांगू लागले. सिक्स्टन रडला. खिडकी त्याच्या डाव्या हाताला होती आणि आपला चेहरा डावीकडून चांगला दिसतो हे तो वीस वर्षांपासून जाणून होता. पाद्रीबुवांनी त्याला स्वतःचा रुमाल दिला. मग त्यांनी मायलिसला विचारलं, नवरा मारतो का, पितो का, बाहेर कुणी आहे का. तिने तिन्ही वेळा नाही म्हटलं. मग काय, असं त्यांनी विचारलं तेव्हा तिच्या तोंडून एवढंच निघालं, “मी थकलेय.” त्या खोलीत ते उत्तर तिचं तिलाच केवढंसं वाटलं.

ती थकली होती ती धावून. सोळा वर्षांच्या संसारात सिक्स्टन कितीदा मरायला निघाला याची गणती नव्हती. तिने बॅग भरली की याच्या छातीत कळ यायची. तिला एकटीला नाटकात चांगलं काम मिळालं की हा पुलाच्या कठड्याशी उभा सापडायचा. ती जीव मुठीत धरून धावायची, आणि ती पोचेपर्यंत हा हमखास जिवंत असायचा. तिची आई हेर्नोसांडला शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा ती गाडीने निघाली होती. वाटेतल्या स्टेशनवर मास्तरांनी तिला फोनवर बोलावलं. सिक्स्टन म्हणत होता की झोपेच्या गोळ्या त्याच्या हातात आहेत. ती उलटी फिरली. घरी पोचली तर हा मित्रांबरोबर हॉटेलात बसून कुर्ल्या सोलत होता. आई त्याच संध्याकाळी गेली, आणि मरताना सारखी दाराकडे बघत होती, असं बहिणीने सांगितलं. मायलिस सिक्स्टनला त्याच दिवशी सोडून गेली असती तर गोष्ट इथेच संपली असती. पण तिला आणखी चार वर्षं लागली. माणसाला उशीर होतो.

हा सिनेमा तिच्या गळ्यात पडला तो जुन्या करारामुळे. देशभर लोकांच्या मनात ही दोघं म्हणजे आदर्श जोडपं. महायुद्ध संपून पाच-सहा वर्षं झाली होती आणि कंपनीला त्या जोडीचा अजून एक सिनेमा काढायचा होता. गोष्ट एका वाटाड्याची, म्हणजे जहाजांना खडकांतून बंदरात आणणाऱ्या माणसाची, आणि त्याला सोडून निघालेल्या त्याच्या बायकोची. ती जाते की राहते, हे टीडब्लूमने लिहिलंच नव्हतं. शेवट आपल्याला माणसंच सुचवतात, असं तो म्हणायचा. ही त्याची कामाची पद्धत. नटांना एकत्र कोंडायचं, त्यांच्या जिव्हारी काय लागतं ते बघायचं आणि कॅमेरा तिकडे वळवायचा. लोक त्याला प्रतिभावंत म्हणायचे. मायलिसच्या मते तो दुसऱ्याच्या घरात डोकावणारा एक चांगला कपडे घातलेला शेजारी होता.

बेटावर हिल्मा नावाची विधवा पाहुण्यांना खोल्या द्यायची. तिचा नवरा खराखुरा वाटाड्या होता आणि त्याच समुद्राने त्याला नेलं होतं. मायलिस हिल्माच्या घरात वरच्या मजल्यावर राहिली आणि सिक्स्टन खाली किनाऱ्यावर, होडीघराशेजारच्या लाकडी खोपटात. तिच्या खिडकीतून ते खोपट, होडीघर आणि त्यापुढचा बर्फ स्वच्छ दिसायचा. खिडकी उघडत नव्हती. हिवाळ्यासाठी दुहेरी काचांच्या फटींत कापूस भरून कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या आणि हिल्मा त्या मे महिन्याशिवाय काढत नसे.

एप्रिल लागला तसा बर्फ सडला. ना त्यावरून घोडा चाले, ना त्यातून होडी. अशा दिवसांत बेट जगापासून तुटतं. मंडळी नऊच होती, बटाटे आणि खारवलेली मासळी भरपूर होती, त्यामुळे कुणी तक्रार केली नाही. आणि त्यातच सिक्स्टनचा पन्नासावा वाढदिवस आला.

पन्नासावा वाढदिवस म्हणजे घरचं कार्यच. आदल्या दिवशी हिल्माने केक केला, ध्वजाची दोरी तपासली, चांगले कप पुसून ठेवले. सकाळी सातला सगळ्यांनी तबक घेऊन, मेणबत्त्या लावून, गात गात सिक्स्टनच्या खोलीत शिरायचं ठरलं. ज्याचा वाढदिवस त्याने अंथरुणात डोळे मिटून पडून राहायचं असतं. बाहेर कप वाजतात, कुणीतरी हसू दाबतं, सगळं ऐकू येत असतं, पण गाणं सुरू होईपर्यंत झोपेचं सोंग सोडायचं नाही. अगदी लहान पोरंसुद्धा हे इमानदारीने पाळतात. मायलिसने टीडब्लूमला सांगून टाकलं की मी तबकाबरोबर येणार नाही, मला शोधू नका.

जेवताना सिक्स्टन गोड हसत म्हणाला होता की पन्नाशीपलीकडे बघण्यासारखं काही उरलेलं नाही. बाकीच्यांनी ते विनोदावर नेलं. मायलिसने काटा खाली ठेवला. ते हसू ती ओळखत होती.

पहाटे पाचला उजाडलं. मायलिसला रोज याच वेळी जाग यायची हे तिच्या नवऱ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने पडदा सारला. सिक्स्टन नुसत्या सदऱ्यावर, होडीघरापुढच्या बर्फावरून समुद्राकडे चालत निघाला होता. तिने काही विचार केला नाही. सोळा वर्षांची सवय पायांत होती, पायच धावले. ती किनाऱ्यावर पोचली तेव्हा बर्फ मोडून तो पाण्यात गेला होता. तिने होडीघराच्या भिंतीवरची लांब काठी घेतली, पोटावर सरकत गेली, स्वतःही कमरेपर्यंत भिजली आणि त्याला ओढून आणला. खोपट दहा पावलांवर होतं. तिथे तिने त्याचे कपडे उतरवले, स्वतःचा भिजलेला झगा काढला, दोन्ही शेगडीपाशी टांगले आणि नुसत्या परकरावर त्याच्या शेजारी पांघरुणात शिरली. गारठलेल्या माणसाला अंगाची ऊब द्यायची असते, हे या किनाऱ्यावर सगळेच जाणतात. सातला मंडळी येणार हेही तिच्या ध्यानात होतं. याचं कापरं थांबलं की उठायचं, असं ती स्वतःला बजावत होती. आणि तशीच तिला झोप लागली.

तिला जाग आली ती गाण्याने. दार सताड उघडं होतं. टीडब्लूम तबक धरून पुढे, मागे कॅमेरावाला, वेशभूषेची बाई, दिवेवाले, आणि दारात हिल्मा. गाणं एका ओळीपाशी अडखळलं. मग कुणीतरी आनंदाने हुंदका दिल्यासारखा आवाज काढला आणि गाणं दुप्पट जोराने पुन्हा सुरू झालं. मायलिसने मान वळवली. सिक्स्टन डोळे मिटून शांत पडला होता. त्याची डावी पापणी किंचित थरथरत होती. खोटी झोप घेताना ती नेहमीच थरथरायची. त्याने पायरव ऐकला होता. कप वाजलेले ऐकले होते. नुसतं कोपराने ढोसलं असतं तरी ती मागच्या दाराने निसटली असती. तो निपचित पडून राहिला.

मंडळींनी चार वेळा जयजयकार केला, रीतच आहे तशी. वेशभूषेची बाई डोळे पुसत होती. मायलिस म्हणाली, तो बर्फातून पाण्यात पडला होता, ते बघा कपडे वाळताहेत. सगळ्यांनी वाळणारे कपडे बघितले. एक त्याची विजार, एक तिचा झगा. आणि त्यांच्याकडे बघून ज्याला जे समजायचं ते त्याने समजून घेतलं.

दुपारी तिने टीडब्लूमला गाठलं आणि सरळ विषय काढला. तो अवघडला. ग्वाही म्हणजे शपथेसारखी गोष्ट, असं म्हणाला. “मायलिस, मी स्वतः तबक धरून उभा होतो गं. मी कसं लिहू की तुम्ही वेगळे राहत होता?”

“तो मरायला निघाला होता. मी त्याला बाहेर काढलं. बाकी काही झालं नाही.”

“आपल्याला मरू न देणारी बायको असणं, हेच तर लग्न,” टीडब्लूम म्हणाला, आणि हे वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं की त्याने ते मनात जपून ठेवलं, हे तिला दिसलं. मग तो हळूच म्हणाला की शेवट ठरला. बायको परत येते. उद्याच घेऊन टाकू. “तुला वेगळा अभिनय करावा लागणार नाही. तू तशीही परत आलीच आहेस.”

ती तिथून थेट सिक्स्टनकडे गेली. तो खोपटाच्या पायरीवर उन्हात केक खात बसला होता. वर खांबावर ध्वज फडफडत होता.

“तू जागा होतास,” ती म्हणाली.

“वाढदिवसाला झोपतं का कुणी? सगळेच सोंग करतात.”

“मला उठवलं का नाहीस?”

“इतकी गाढ झोपली होतीस. तुला अशी झोपलेली कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. जीव झाला नाही उठवायचा.” त्याने बशी खाली ठेवली. “न्यायालयात विचारलं तर मी खरं तेच सांगणार, मायलिस. तू माझ्याकडे आलीस. सगळ्यांनी पाहिलं.”

“सांग. मी पुन्हा पाद्रीबुवांकडे जाईन. पुन्हा एक वर्ष.”

“आणि मी?”

“तुझं तू बघ.”

“मी नाही जगणार गं,” तो म्हणाला. कुणी ‘मी नाही जेवणार’ म्हणावं, इतक्या सहज.

खरं सांगायचं तर त्या क्षणीही तिला त्याची दया आली. त्याचे केस मागून विरळ झाले होते आणि सदऱ्याची कॉलर झिजली होती. बोटात लग्नाची अंगठी तशीच होती. कंपनीने शूटिंगसाठी दोघांना पितळी अंगठ्या दिल्या होत्या, पण त्याने आपली उतरवली नव्हती. आतल्या बाजूला तिचं नाव कोरलेली ती अंगठी तो कॅमेऱ्यापुढेही घालून उभा राहायचा. दया आली म्हणून तिला स्वतःचाच राग आला. पुन्हा एक वर्ष, आणि त्या वर्षात हा पुन्हा कधी कुठल्या पाण्याशी उभा राहील, या धास्तीने तिचा जीव टांगणीला लागणार होता. हे संपणारच नाही, हे तिला त्या पायरीपाशी स्वच्छ दिसलं.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात गेली तेव्हा हिल्मा मासे साफ करत होती. सगळ्या घरात हिल्मा एकटीच सकाळपासून हसली नव्हती. मायलिसने सुरी घेतली आणि बटाटे सोलायला बसली. बोलता बोलता तिने पोटावर सरकत जाऊन, कमरेपर्यंत भिजून त्याला कसं काढलं ते सांगितलं आणि ती म्हणाली की आज सकाळी थोडक्यात निभावलं, नाहीतर सिक्स्टन बुडालाच असता.

“होडीघरापुढे?” हिल्माचे हात थांबले. “तिथे कुठे बुडणार बाई? गुडघाभर पाणी आहे. उन्हाळ्यात वासरं उतरतात तिथे. तुम्ही पोटावर सरकत गेलात म्हणून कमरेपर्यंत भिजलात, पाय खाली सोडले असते तर तळ लागला असता. पलीकडे हिरव्या फांद्या रोवल्यात ना बर्फात, त्यांच्या पुढे मात्र एकदम खोल. तिथून जहाजं जातात. माझा माणूस तिथेच गेला.”

मायलिसने पुढचा बटाटा हातात घेतला.

“साहेबांना ठाऊक आहे की ते,” हिल्मा म्हणाली. “आल्या दिवशीच विचारून घेतलं त्यांनी माझ्याकडून. उथळ कुठवर, खोल कुठून. मला वाटलं, वाटाड्याचं काम करायचंय म्हणून विचारताहेत.”

बटाट्याची साल एका लांब पट्टीत सुरीवरून खाली उतरत होती. मायलिसने ती तुटू न देता पुरी सोलली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. उलट मानेवरचं जू कुणी उचलावं तसं हलकं वाटलं. सोळा वर्षं ती ज्या मरणाच्या मागे धावली ते मरण गुडघाभरच होतं. पुलाचा कठडा, छातीतली कळ, गोळ्या, सगळं गुडघाभर. आणि त्यापायी आई दाराकडे बघत गेली. ती मनाशी म्हणाली की आता मी धावणार नाही. कुणाला सांगितलं नाही, पण नक्की ठरवलं.

दुसऱ्या दिवशी शेवटचा प्रसंग घेतला. वाटाड्याची बायको बर्फावरून परत येते, दार उघडते, काही न बोलता चुलीवर कॉफी ठेवते. मायलिसने तो एका दमात केला. तिच्या चेहऱ्यावर इतकी शांती होती की कॅमेरा थांबल्यावरही कुणी हललं नाही. टीडब्लूमने येऊन तिचे दोन्ही हात धरले. त्याला ती प्रेमाची शांती वाटली. धावणं सोडलेल्या बाईची शांती तशीच दिसते, हे त्याला कोण सांगणार? सिक्स्टनला मात्र काहीतरी कळलं असावं. त्या प्रसंगात त्याने तिच्याकडे पाहिलं आणि तो आपलं वाक्य विसरला. असं त्याच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. जेवताना तो तिच्याशी गोड बोलून पाहत होता, आणि ती मीठ मागणाऱ्याला मीठ द्यावं तशी उत्तरं देत होती.

पुढच्या सकाळी पाचला तिला जाग आली. ती खाली गेली, हिल्माने नुकतीच केलेली कॉफी कपात घेतली आणि वर येऊन पडदा सारला.

तो होताच. सदऱ्यावर, होडीघरापुढे. या वेळी तो हळू चालत होता, कारण परवा मोडलेल्या बर्फाला वळसा घालायचा होता. मायलिसने कपातून एक घोट घेतला. तो थांबला, त्याने वळून खिडकीकडे पाहिलं. ती त्याला दिसत होती आणि दिसतेय हे तिलाही कळत होतं. ती जागची हलली नाही. मग त्याने काय करावं? नट तो. प्रेक्षकाला पाठ दाखवत नाहीत, हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं. तोंड खिडकीकडे ठेवून, दोन्ही हात बाजूंना पसरून, तो एकेक पाऊल मागे जाऊ लागला.

त्याच्या मागे बर्फात हिरव्या फांद्या होत्या. तिने त्या पाहिल्या. याला माहीत आहे, तिने स्वतःला सांगितलं. आल्या दिवशीच विचारून घेतलंय, हा तिथे थांबेल. हा नेहमीच थांबतो. तो आणखी मागे गेला. आता थांबेल, असं ती म्हणत राहिली. तो फांदीच्या शेजारून, फांदीकडे न बघता, मागे सरकला. त्याचं सगळं लक्ष खिडकीकडे होतं.

मायलिसच्या हातातून कप पडला. तिने काचेवर तळवा आपटला, एकदा, दोनदा. काच दुहेरी होती आणि मधे कापूस होता, आवाज कुठला जायला. पण हात हलताना त्याला दिसला. इतक्या लांबूनही त्याचा चेहरा उजळला, हे तिने पाहिलं. आपण जिंकलो असं त्याला वाटलं. आणि त्या आनंदात, जरा रंगत यावी म्हणून, त्याने अजून एक पाऊल मागे टाकलं.

मग तिथे काळं पाणी होतं आणि कुणी नव्हतं.

ती ओरडत जिना उतरली तेव्हा हिल्मा दारात उभी होती. मंडळी शिड्या आणि आकड्याच्या काठ्या घेऊन धावली. त्याला वर काढायला दुपार झाली. हिल्माने ध्वज अर्ध्यावर उतरवला. दोन दिवसांपूर्वी ओढली तीच दोरी.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात दोघीच होत्या. हिल्माने तिच्यापुढे एक बशी ठेवली. बशीत सिक्स्टनच्या बोटातली अंगठी होती. मग ती समोर बसली.

“तुम्ही खिडकीपाशी होता. मी खालून पाहिलं.”

“हो.”

“ते पाणी उथळ आहे असं मी सांगितलं नसतं, तर तुम्ही गेला असता?”

“गेले असते.”

हिल्माने बराच वेळ पदराशी चाळा करावा तसा ॲप्रनचा काठ चोळला. “मग थोडं माझ्याही डोक्यावर आलं ते.”

“नाही हिल्माबाई,” मायलिस म्हणाली. “ते नवरा-बायकोचं होतं. तुमचं नाही.” आणि तिला तेव्हा रडू आलं, आईसाठी, त्याच्यासाठी, आणि मी वेळेवर हात वर केला असता तर, या विचाराने. हा विचार आता आपल्याला जन्मभर सोडणार नाही हेही तिला कळलं होतं.

पाणी मोकळं झालं आणि होड्या सुरू झाल्या. अंत्यविधी पाद्री वेनरलुंड यांनीच केला. त्यांनी सांगितलं की ही दोघं दुरावली होती, पण देवाने त्यांना शेवटी एक सकाळ दिली. ती सकाळ पाहायला माणसं हजर होती, मेणबत्त्या होत्या, गाणं होतं. वेशभूषेची बाई ढसाढसा रडली. मायलिस काळ्या झग्यात पहिल्या बाकावर बसली होती. उठून खोटं आहे म्हणावं, असं तिला फार वाटलं. पण मग पुढचंही सांगावं लागलं असतं, खिडकीचं. ती बाकावरच बसून राहिली. वर्ष भरायला पंधरवडाही उरला नव्हता. आता ते भरलं काय आणि न भरलं काय. मेलेल्या माणसापासून काडीमोड कुठलंच न्यायालय देत नाही.

सिनेमा शरद ऋतूत लागला आणि तुफान चालला. बायका तिला रस्त्यात थांबवून हात हातात घ्यायच्या आणि म्हणायच्या, तुमचं प्रेम पडद्यावर दिसतं हो. ती मान हलवायची. तिला कंपनीने दुसऱ्या जोडीदाराबरोबर काम दिलं नाही. लोकांना ते रुचलं नसतं.

पुढच्या एप्रिलमध्ये, त्याच्या वाढदिवशी, थडग्यावर दगड बसवला. दगड कंपनीने करवून घेतला होता आणि टीडब्लूमने त्यावरचा मजकूर ठरवला होता. त्याने स्वतः पांढरं कापड ओढून काढलं. काळ्या गुळगुळीत दगडावर सोनेरी अक्षरं होती. अभिनेता सिक्स्टन वाल. त्याखाली जन्माचं आणि मृत्यूचं वर्ष. त्याखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत: आणि त्याची पत्नी मायलिस. तिच्या जन्माचं वर्ष कोरलेलं होतं. पुढे एक आडवी रेघ, आणि रेघेपुढे जागा मोकळी सोडलेली.

“सुरेख झालाय ना?” टीडब्लूम हलक्या आवाजात म्हणाला.

मायलिस बेचाळीस वर्षांची होती. तिने त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. मग तिने विचारलं, “माझं नाव काढून टाकता येईल का?”

ती दुःखाच्या भरात काहीतरी बोलतेय असं त्याला वाटलं. त्याने तिच्या खांद्याभोवती हात टाकला आणि तो तिला थोपटत राहिला. मागे उभ्या असलेल्या फोटोवाल्याने फोटो काढला.